जेको बघून स्ट्रायकर व्हायचं कसं

गोल्फ क्लब मैदानावर माझ्याकडे येणाऱ्या उंच पोरांना मी बोस्नियाचा स्ट्रायकर (गोल करणारा पुढचा खेळाडू) एडिन जेकोच बघायला लावतो. गोल नंतर बघा. आधी बॉल पायात यायच्या अगोदरचे दोन सेकंद. डिफेंडर पाठीवर घ्यायचा, खांद्यावरून मागे नजर टाकायची, मगच बॉल. सुरुवातीला सारायेवोत तो मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीत पास देणारा होता, म्हणून पास त्याला उगाच दिसत नाही. पुढे जर्मनीतला व्होल्फ्सबुर्ग क्लब, २००९ चं बुंडेसलिगा म्हणजे जर्मन लीगचं विजेतेपद. मग मँचेस्टर सिटी: मे २०१२, क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध ९२व्या मिनिटाचा हेडर. कॉर्नर सुटताना तो कुठे उभा होता, तिथे व्हिडिओ थांबवा. इटलीतल्या रोमाकडून २०१६-१७ मध्ये लीगचे २९ गोल. ते सलग बघा. डावा पाय रोज वेगळा घोटवा. आणि बाबांनो, उंची आहे म्हणून नुसती डोकी मारत बसू नका.