बोटीचं स्टील घासायला बसण्याआधी

चिंध्या, हातमोजे, बादली, गोडं पाणी हे सांगायला नको. नट-बोल्ट फिरवायचे पाने (स्पॅनर) मात्र दोन घ्या आणि सोबतीला एक माणूस बोलवा. एकाने डेकवर बोल्टचं डोकं धरायचं, दुसऱ्याने खाली वाकून नट फिरवायचा. कारण रेलिंगचे बोल्ट बाहेर काढायचे आहेत.

गेल्या वेळी मी रेलिंग लख्ख केलं आणि बोल्टांना हात लावला नाही. डोकी चकचकीत होती ना! पुढे एकदा रेलिंगचा खांब धरून वाकलो तर तो मुळासकट हातात आला. डेकच्या जाडीत लपलेला बोल्टचा दांडा काडीएवढा उरला होता.

म्हणून बोल्ट काढा. स्टेनलेसला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ थर. तो ओरखडला तरी ऑक्सिजन मिळाला की पुन्हा धरतो. पण सीलंट, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून भोकात भरलेला लगदा, सुटून तिथे खारं पाणी साचलं, की तिथला ऑक्सिजन संपतो आणि मिठातलं क्लोराइड वाढत जातं. मग फाटलेला थर भरून येत नाही. म्हणजे वाऱ्यापावसात उघडी पडलेली बाजू टिकते, झाकलेली सडते. बुडाशी तपकिरी ओघळ दिसला तर पुसत बसू नका, बोल्ट काढा. ओघळ नसला तरी काढा.

लोखंडी तारेचा ब्रश पेटीत नकोच. त्याचे कण स्टीलमध्ये रुततात आणि गंजतात, मग आपण स्टीलला शिव्या देतो. साधं लोखंड घासलेली ग्राइंडरची चकतीही नको. ब्लीच तर अजिबात नको.

नव्या बोल्टच्या डोक्यावर ए४ कोरलेलं बघून घ्या. ती स्टेनलेसची ३१६ ची जात, तिच्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. ए२ म्हणजे ३०४ ची, ती समुद्रावर लवकर डागाळते. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही. आणि ए४ आणले म्हणून निर्धास्त होऊ नका, माझा तुटलेला बोल्ट ए४च होता. काढून बघितला असता तर कळलं असतं.

खड्डा किंवा चीर दिसली की तो बोल्ट बाद. भोक कोरडं करा, जुनं सीलंट पूर्ण खरवडा, नवं सढळ हाताने भरा. आट्यांना अँटीसीझ (आटे जाम न होऊ देणारं वंगण) लावा, नाहीतर नट जाम. पॉलिश सगळ्यात शेवटी, उजेड उरला तर.