सरकी आधी की पऱ्हाटी? पारावर वाद घालताना

दोन वादी, एक मध्यस्थ पुरे. आधी प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचं ते), मग हेतू (त्याचं कारण), मग उदाहरण. उत्तर देणाऱ्यानं समोरच्याचं म्हणणं आधी सांगावं. सभेला कळलेलं, तीनदा ऐकूनही सांगता आलं नाही तर न्यायशास्त्र या जुन्या तर्कशास्त्रानुसार तो हरला. नियम कडक आहे, पण निम्मं भांडण तिथंच मिटतं.

‘कारणाचं कारण काय?’ विचारत गेलं की अनवस्था, म्हणजे न संपणारी कारणांची साखळी, येते. बहुतेक जण लगेच ‘दोष!’ म्हणून ओरडतात. सरकीतून पऱ्हाटी (कापसाचं झाड), पऱ्हाटीतून सरकी ही साखळी अनादि असली तरी चालते, कारण प्रत्येक दुवा वावरात दिसतो. पुरावाच पुढं ढकलला जातो तेव्हा मात्र दोष.

मोक्षावर आलात की विचारा, तो साधनेनं निर्माण होतो का? ‘हो’ म्हणणारा अडकतो. निर्माण झालेलं नासतंच, आणि मोक्ष तर कायमचा मानतात. अद्वैती, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणारा, म्हणतो, मोक्ष आधीपासून आहेच, ज्ञान फक्त अज्ञान घालवतं.