जुना कंप्युटर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एवढं करा

बेळगावातल्या शहापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळं गल्लीतल्या कुणाला घरातला जुना कंप्युटर काढायचा असला की आधी मला विचारतात, काय करायचं ओ ह्याचं, भंगारवाला दारात आलाय, किलोवर मागतोय. मी सांगतो, आज देऊ नका, चार दिवस थांबा.

कारण भंगारवाला पैसे देतो ते कॅबिनेटच्या लोखंडाचे, तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे. बाकीचं त्याच्या कामाचं नसतंय, आणि खरं विष त्यातच असतंय. जुना डब्बा मॉनिटर असतो ना, त्याच्या काचेत किलोच्या हिशोबात शिसं असतंय. बळ्ळारी नाल्याच्या कडेला दोन पोरं असला मॉनिटर फोडताना मी बघितलीत, हातोड्यानं मागची मान मोडली, तांब्याची कॉईल ओढून घेतली आणि काच तिथंच नाल्यात ढकलली. शेजारी वायरींचा गुंडाळा जळत होता, प्लॅस्टिक जाऊन नुसतं तांबं उरावं म्हणून, आणि त्या काळ्या धुरात डायऑक्सिन नावाचं विष असतंय, पोरांच्या तोंडाला साधा रुमालसुद्धा नव्हता. त्याच नाल्याचं पाणी पावसाळ्यात वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात शिरतंय, जिथला बासमती आपण कौतुकानं खातो. तेव्हापासून मी ह्याच्या मागं लागलोय.

पहिलं म्हणजे तो कंप्युटर खरंच मेलाय का ते बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ जुन्या मशीनवर चढत नाही, म्हणून चांगली चालणारी मशीनं लोक बाहेर काढायला लागलेत. २ जीबी रॅम असली तरी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी घालायची फुकटची सिस्टीम, चालतंय, ४ असली तर व्यवस्थित, वर हार्डडिस्कच्या जागी साधी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकली तर मशीन पळतंय. मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग त्यात फुकट होतंय. गावाकडच्या शाळेला, शिकणाऱ्या पोराला असं मशीन द्या, पण चालू करून दाखवून द्या, बंद पडलेलं देऊन पुण्य घेऊ नका.

दुसरं डेटा, आणि इथं घाई करू नका. मागं एकदा मी ३०० रुपयाला जुनी हार्डडिस्क घेतली, फॉरमॅट केलेली होती, सहज फोटोरेक हे पुसलेल्या फाईली परत काढायचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं तर कुणाचं रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, शेताचा उतारा, एका मुलीचं एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्सकार्ड, सगळं वर आलं. माझ्या गिऱ्हाइकांची आधारकार्डं माझ्या मशीनवर असतात, तो विचार आला आणि रात्री झोप लागली नाही. क्विक फॉरमॅटनं फाईल जात नाही, फक्त यादी पुसली जाते. म्हणून पेनड्राईव्हवर श्रेडओएस हे डिस्क पुसायचं सॉफ्टवेअर घ्या, मशीन त्यावरनं चालू करा, डिस्क निवडा आणि शून्यं भरायची एक फेरी मारा. ५०० जीबीला दोन-तीन तास लागतात, लागू देत. दुसरी डिस्क किंवा बॅकअप जोडलेला असेल तर आधी काढून ठेवा, चुकून तो पुसला तर परत मिळत नाही. एसएसडीला ही पद्धत नको, तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सिक्युअर इरेज असतंय ते वापरा. डिस्क बिघडून मशीनला दिसतच नसेल तर ड्रिलनं आरपार दोन-तीन भोकं पाडा, पण लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते, डोळ्याला गॉगल लावल्याशिवाय हात लावू नका. व्यापारी लोकांनी टॅली ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स पुसायच्या आधीच सरेंडर करायचं, नाहीतर नव्या मशीनवर घालताना त्रास होतो.

घरी काढायचं एवढंच, हार्डडिस्क आणि बॅटरी. पॉवर सप्लाय आणि मॉनिटर उघडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा आत करंट साठून राहतो. यूपीएसमधली बॅटरी शिशाची असते, ती बॅटरीच्या दुकानात द्या, नवी घेताना जुनीचे पैसे वजा करतात. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर टोचू नका, दाबू नका, टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवा आणि वेगळी द्या.

आता द्यायचं कुणाला. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात हा माल नोंदणी असलेल्या रीसायकलरकडंच जायला पाहिजे. नावं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर मिळतात, कर्नाटकच्या मंडळाकडंही विचारता येतंय. डेल, एचपी, लेनोव्हो असल्या कंपन्यांचा माल असेल तर त्यांच्या वेबसाईटवर जुनं परत घ्यायचा विभाग असतो, तिथं पिनकोड टाकून बघा.

अडचण अशी की कर्नाटकातले बरेचसे रीसायकलर बेंगळुरूच्या आसपास, एका मशीनसाठी पाचशे किलोमीटर कोण येणार. म्हणून एकट्यानं फोन करू नका. गल्लीतलं गणेश मंडळ, शाळा, सोसायटी, उद्यमबागेतले चार कारखानदार मिळून माल एका कोरड्या खोलीत जमवा, वजनाचा अंदाज घ्या आणि मग बोला, गाडी यायची शक्यता वाढते. खानापूर, निपाणीवाल्यांनी पण असंच करावं. पुण्यातला नोंदणीवाला सोयीचा पडला तर त्याला विचारा, नोंदणी त्याच केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर असते.

पैसे थोडे मिळतील, कधी मिळणारही नाहीत, मान्य करा. पण गाडी येईल तेव्हा नोंदणी नंबर पोर्टलवर ताडून बघा, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मार्करनं लिहा, आणि वजन, तारीख, शिक्का असलेली पावती हातात पडल्याशिवाय खोकी गाडीत चढवू नका.