ऑनलाइन बास्केटबॉल शूज आणि बॉल घेताना फसू नये म्हणून काय करावं

संध्याकाळी तासभर बास्केटबॉल खेळणाऱ्याला मुळात दोनच गोष्टी विकत घ्याव्या लागतात, शूज आणि बॉल. ऑनलाइन घेताना दोन्हींमध्ये डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे, आणि त्यावर जे सल्ले मिळतात ते ऐकून माझा संताप होतो. 'वेबसाइटवर कुलपाचं चिन्ह आहे ना, मग बिनधास्त घे.' कुलपाचा अर्थ एवढाच की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही; समोर बसलेला माणूस चोर असला तरी कुलूप दिसतंच. 'कॅश ऑन डिलिव्हरी घे.' त्यात बहुतेक वेळा पैसे आधी मोजायचे आणि खोका नंतर उघडायचा असतो, मग सुरक्षित काय राहिलं? 'रेटिंग बघ.' एकाच पानावर अनेक विक्रेते आणि सगळे रंग एकत्र असतात, तेव्हा चार हजार लोकांनी दिलेले तारे भलत्याच विक्रेत्याच्या मालाचे असू शकतात.

मी स्वतःसाठी आणि आमच्या कोर्टवरच्या पोरापोरींसाठी बरीच वर्षं हे सामान मागवतो आहे. माझी पद्धत अशी आहे.

१. काय हवं ते आधी ठरवा

नागपाड्यापासून नागपूरपर्यंत आपली रोजची कोर्टं बहुतेक सिमेंटची नाहीतर डांबराची. त्यामुळे बॉल रबराचाच घ्या. महागडा कंपोझिट लेदरचा बॉल अशा जमिनीवर लवकर गुळगुळीत होतो. पुरुषांसाठी ७ नंबर, मुली-बायकांसाठी ६, प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी ५. शूजचा सोल जाड आणि टणक रबराचा हवा. आरपार दिसणारा मऊ सोल लाकडी कोर्टासाठी असतो, सिमेंटवर तो बघता बघता झिजतो.

पाय संध्याकाळी मोजा, उभं राहून, टाच भिंतीला लावून, आणि दोन्ही पाय. जो मोठा असेल त्याचे सेंटीमीटर धरून साइज चार्ट बघा. यूके आणि यूएसच्या आकड्यांत होणारा गोंधळ इथेच संपतो.

२. विक्रेता बघा

ब्रँडचं नाव वाचून थांबू नका. खाली बारीक अक्षरात 'विक्रेता' म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा. त्या नावावर टिचकी मारली की त्याच विक्रेत्याबद्दलचे अभिप्राय दिसतात. ते 'सर्वात नवे आधी' असे लावून, ग्राहकांनी काढलेल्या फोटोंसकट वाचा. 'फर्स्ट कॉपी', 'मास्टर क्वालिटी' हे शब्द म्हणजे माल नकली असल्याची विक्रेत्याने स्वतःच दिलेली कबुली. दहा हजारांचा शू अडीच हजारांत 'गोदाम रिकामं करायचंय' म्हणून विकणारी जाहिरात सोशल मीडियावर दिसली आणि तिच्याखालच्या कमेंट्स बंद असल्या, तर पुढे जायचंच नाही. पैसे भरताना यूपीआयच्या पडद्यावर दुकानाऐवजी कोणा व्यक्तीचं नाव आलं, तर तिथल्या तिथे मागे फिरा.

शक्य असेल तिथे 'ओपन बॉक्स डिलिव्हरी', म्हणजे डिलिव्हरीवाल्यासमोरच खोका उघडून माल बघायची सोय, निवडा. बाकी ऑर्डर देणं तुम्हाला येतंच.

३. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ

याला पर्याय नाही. एकाने फोन धरायचा, दुसऱ्याने उघडायचं. पार्सलच्या सहाही बाजू, चिकटपट्टी, लेबलवरचा क्रमांक वाचता येईल असा, मग कापणं, मग दोन्ही शूज बाहेर, जिभेच्या आतला टॅग, सोल. मधे एकदाही रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ कंपनी 'मधल्या वेळात बदललं असेल' म्हणून बाजूला टाकते.

डिलिव्हरीचा ओटीपी पार्सल हातात आल्यावर, ते फाटलेलं किंवा पुन्हा चिकटवलेलं नाही हे बघूनच द्या. डिलिव्हरीवाल्याशी मात्र भांडू नका, आत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

४. माल तपासा, पण कोर्टवर नेऊ नका

शूजच्या आतल्या टॅगवर एक मॉडेल कोड असतो. तोच कोड, तोच रंग आणि तोच साइज खोक्याच्या लेबलवर हवा. तो कोड शोधून बघितला की कंपनीच्या त्याच शूचा फोटो यायला हवा. उजव्या आणि डाव्या शूजचे टॅगही एकमेकांशी ताडून बघा. भारतात रीतसर विकल्या जाणाऱ्या आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश आणि महिना-वर्ष छापलेलं असावंच लागतं. हे स्टिकर नसेल तर संशय घ्यायला पूर्ण जागा आहे.

बॉल आला असेल तर त्यावर छापलेल्या दाबाएवढी हवा भरा आणि शिंप्याच्या टेपने घेर मोजा: ७ नंबरचा ७५ ते ७७ सेंटीमीटर, ६ नंबरचा साधारण ७१.५ ते ७३. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ७ नंबरचा बॉल ५८० ते ६२० ग्रॅम भरायला हवा. हे स्पर्धेचे आकडे आहेत, साध्या बॉलमध्ये थोडा फरक चालेल. पण शंभर ग्रॅमचा फरक असेल तर परत पाठवा. मग बॉल उलटी फिरकी देऊन वर उडवा आणि शिवणींकडे बघा. शिवणी डगमगल्या तर बॉल गोल नाही.

शूज घरातल्या चटईवर घाला, खेळायचे मोजे घालूनच. चार पावलं सरकून बघा, झटकन थांबून बघा, टाच उचलली जाते का बघा. सोलला धुळीचा एक कण लागला की 'वापरलेला माल' म्हणून रिटर्न नाकारायला कारण मिळतं.

५. रिटर्न पिकअप: खरी लढाई इथे आहे

इतर सगळ्या पायऱ्या सरावाने सोप्या झाल्या. या पायरीने मात्र मला फार छळलं, म्हणून नीट वाचा.

तुम्ही 'डुप्लिकेट माल आला' म्हणून रिटर्न टाकता. दोन दिवसांनी पिकअपवाला येतो. त्याच्या फोनमध्ये कंपनीने चढवलेला अस्सल शूचा फोटो असतो आणि त्याने तुमच्या हातातला शू त्या फोटोशी ताडून बघायचा असतो. तुमच्या हातात तर डुप्लिकेट आहे, म्हणून तर तुम्ही परत देताय! तो बघतो, लोगो जुळत नाही, कोड जुळत नाही. 'सर, हे फोटोशी मॅच होत नाही, घेता येणार नाही,' म्हणतो आणि 'क्यूसी फेल', म्हणजे तपासणीत नापास, अशी नोंद करून निघून जातो. ज्या कारणासाठी रिटर्न टाकला, त्याच कारणाने तो नाकारला जातो. काही वेळा तर ॲपमध्ये 'ग्राहकाने रिटर्न रद्द केला' असं दिसतं, आणि परत करायची मुदत तिकडे सरत असते.

पिकअपवाल्याला समजावण्यात अर्थ नाही. त्याच्या ॲपमध्ये दुसरं बटणच नसतं. करायचं ते पिकअपच्या आधी.

रिटर्नचं कारण निवडताना 'आवडलं नाही' किंवा 'साइज बसला नाही' कधीच निवडू नका. पैसे लवकर मिळतील म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. एकदा तुम्ही साइजचं कारण दिलंत की माल अस्सल होता हे तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. 'चुकीचा / नकली माल' हेच निवडा.

लगेच चॅटवर लिहा: "मला नकली माल मिळाला आहे. तो कॅटलॉगच्या फोटोशी जुळणार नाही. त्यामुळे क्यूसीशिवाय पिकअप लावा. पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ सोबत जोडला आहे." याच शब्दांत लिहा. फोनवर बोललेलं हवेत विरतं. चॅटचा स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पिकअप नाकारला गेलाच, तर पिकअपवाल्यासमोरच ॲपमधल्या स्थितीचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी पुन्हा तक्रार टाका. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि पिकअप झाला, तर शूज खोक्यात भरतानाचा, पट्टी लावतानाचा आणि त्याच्या हातात देतानाचा व्हिडिओही काढा. 'आम्हाला रिकामा खोका मिळाला' हे उत्तर अनेकांना मिळालेलं आहे. पिकअपची पावती किंवा मेसेज आल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.

६. तरीही पैसे आले नाहीत तर

चॅटवरच्या माणसाशी आठवडाभर घासाघीस करत बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. त्याला ईमेल करा. ऑर्डर क्रमांक, तारखा, व्हिडिओ, स्क्रीनशॉट सगळं एकाच ईमेलमध्ये. चॅटवर आठवडाभर अडून बसलेलं प्रकरण इथे हललेलं मी पाहिलं आहे. कार्डाने पैसे भरले असतील तर समांतर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागा.

तिथेही दाद लागली नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

साइटच बनावट निघाली, माल आलाच नाही आणि दुकान गायब झालं, तर हा ग्राहक तक्रारीचा विषय नाही, सायबर गुन्ह्याचा आहे. ताबडतोब १९३० ला फोन करा. चोराच्या खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची शक्यता, म्हणून इथे एकेक तास मोलाचा आहे. फोननंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा.

एक सावधगिरी. तुम्ही चिडून सोशल मीडियावर कंपनीला टॅग केलंत की काही वेळातच 'कस्टमर केअर'चा फोन येऊ शकतो. रिफंड देतो, हे ॲप टाका, ही लिंक उघडा, पिन टाका. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर सर्च इंजिनवर शोधू नका, कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. पडदा शेअर करायला सांगणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्या. आधी शूजचे पैसे गेले आणि मग रिफंडच्या नावाखाली पगाराचं खातं रिकामं झालं, असं आमच्या कोर्टवरच्या एका मुलाच्या बाबतीत घडलं आहे.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असलं तरी. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तोवर डुप्लिकेट शूज खोक्यासकट तसेच ठेवा, कोणालाही खेळायला देऊ नका.