गॅसचा भाव वाचायचा कसा

नैसर्गिक गॅस शुद्ध करणाऱ्या कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पंधरा वर्षं पाळ्या केल्यावर मला त्याच गॅसच्या खरेदी-विक्रीच्या टेबलावर बसवलं, आणि पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. समोरच्याने आकडा दिला होता ‘नॉर्मल’ घनमीटरमध्ये, मी तो ‘स्टँडर्ड’ समजून पत्रकात चढवला. पहिला मोजतात ० अंश सेल्सिअसला, दुसरा १५ अंशांना. गॅस तोच, पण आकड्यात साडेपाच टक्क्यांचा फरक. हिशेब जुळेना म्हणून दोन दिवस मीटरवाल्यांच्या नावाने खडे फोडले. चूक निघाली माझ्याच रकान्यात. नवीन येणाऱ्याला मी आता हीच पहिली सवय लावतो: भाव नंतर, आधी माप कोणतं ते विचारायचं.

त्यातही घनमीटरवर फार विसंबू नका. पैसे मोजले जातात ते गॅस जळून उष्णता किती देतो याचे. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन क्षेत्रातल्या गॅसमध्ये साधारण १४ टक्के नायट्रोजन होता. नायट्रोजन जळत नाही, पाइपमधला फुकट्या प्रवासीच तो. तिथला घनमीटर उष्णतेत कमी पडायचा, आणि त्या गॅससाठी बर्नर आणि पाइपांचं जाळं वेगळं ठेवावं लागलं. म्हणून अमेरिकेत आणि एलएनजीच्या (थंड करून द्रव केलेल्या गॅसच्या) व्यवहारात भाव एमएमबीटीयूला (दहा लाख बीटीयू, म्हणजे उष्णतेचं ब्रिटिश माप) सांगतात, युरोप खंडात मेगावॉट-तासाला. एका मेगावॉट-तासात ३.४१२ एमएमबीटीयू बसतात. एवढा एक आकडा पाठ करा. २०२२च्या ऑगस्टअखेरीस युरोपातला भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला होता. भागून पाहा: एमएमबीटीयूला जवळपास ८८ युरो. उष्मांक स्थूल धरलाय की निव्वळ, तेही विचारून घ्या. जळताना तयार होणाऱ्या वाफेतली उष्णता धरायची की सोडायची एवढाच तो वाद, पण मिथेनच्या बाबतीत फरक ११ टक्क्यांपर्यंत जातो.

मग जागा. हेन्री हब ही लुइझियानातल्या इराथ गावाजवळची खरीखुरी जागा, तिथे पाइपलाइनी एकत्र येतात. १९९०पासून वायदे तिच्या नावाने चालतात. युरोपचा भाव ठरतो ते नेदरलँड्सचं टीटीएफ नकाशावर शोधू नका, ते कागदावरचं ठिकाण आहे. जेकेएम म्हणजे ईशान्य आशियात जहाजाने पोचवलेल्या एलएनजीचा भाव. दोन ठिकाणच्या भावांची वजाबाकी करून ‘एवढा नफा’ म्हणणारे खूप भेटतात. अहो, मध्ये समुद्र आहे! गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून आकारमान सहाशेव्या हिश्शावर आणावं लागतं, आणि त्या कारखान्याची यंत्रं बहुधा गॅसवरच चालतात. जहाजातूनही रोज हजारात एक भाग, कधी त्याहून थोडा कमी, वाफ होऊन सुटतो. बहुतेक जहाजं तोच इंधन म्हणून जाळतात. वीस दिवसांच्या प्रवासात दोन टक्के असेच जातात. बऱ्याच अमेरिकी करारांत ‘हेन्री हबचे ११५ टक्के अधिक ठरावीक शुल्क’ असं सूत्र दिसतं, ते मुख्यतः थंड करणाऱ्या कारखान्यात खर्च होणाऱ्या गॅसमुळे.

काही करार अजून तेलाला बांधलेले असतात. ‘ब्रेंटच्या (कच्च्या तेलाच्या मानक भावाच्या) १२ टक्के’ असं लिहिलं असेल आणि ब्रेंट पिंपाला ८० डॉलर असेल, तर गॅस एमएमबीटीयूला ९.६० डॉलर. पिंपभर तेलात साधारण ५.८ एमएमबीटीयू उष्णता असते, म्हणजे बरोबरी १७ टक्क्यांच्या आसपास होते. १२ टक्क्यांना खरेदी करणारा तेवढ्याच उष्णतेसाठी तेलापेक्षा कमी मोजतोय. सोबत ‘टेक ऑर पे’चं कलमही वाचा: उचला नाहीतर उचलल्यासारखे पैसे भरा.

आता माझ्या आवडीचा भाग. टेबलावरची मंडळी याकडे ढुंकून बघत नाहीत. विहिरीतून येतो तो गॅस विकण्याजोगा नसतो. त्यात पाणी असतं, जड हायड्रोकार्बन असतात, कार्बन डायऑक्साइड, कधी विषारी हायड्रोजन सल्फाइड, कधी पाऱ्याचा अंश. पारा थोडासाच, पण थंड विभागातले ॲल्युमिनियमचे उष्णता-विनिमयक खातो. पाण्याचं तर विचारूच नका. दाब चढा असला की पाणी आणि मिथेन मिळून १० अंशांनाही गोठतात. याला हायड्रेट म्हणतात. पाइप साफ करणारा पिग बाहेर काढताना मी तो पाहिलाय: मळक्या बर्फाचा भुगा, हातमोज्यात घेतला तर तडतडतो आणि गॅस सोडतो. पाइपमध्ये त्याचं बूच बसलं तर एकाच बाजूचा दाब कधीही सोडू नका. ते बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. हे टाळायलाच ग्लायकॉलने (पाणी शोषणाऱ्या द्रवाने) गॅस आधी कोरडा करतात.

हायड्रोजन सल्फाइड अमाइनच्या (ते शोषून घेणाऱ्या रसायनाच्या) मनोऱ्यात धुऊन काढतात. सडक्या अंड्यांचा वास येतोय तोवर नाक शाबूत आहे. हवेत दहा लाखांत शंभर भाग झाले की नाक बधिर होतं, आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. खिशाला अडकवलेल्या डिटेक्टरवरच विश्वास ठेवा.

या मनोऱ्याची मोठी खोड म्हणजे फेस. आधीच्या टप्प्यातून थोडं कंडेन्सेट (गॅसमधून द्रव झालेले जड हायड्रोकार्बन) निसटून आलं की अमाइन फेसाळतं. आधी मनोऱ्याचा डीपी, म्हणजे वरच्या-खालच्या दाबातला फरक, चढतो. तळाची पातळी उतरते. पाठोपाठ गॅसमधलं सल्फाइड मर्यादेबाहेर जातं. गॅसचा प्रवाह कमी करायचा, फेस मारणारं रसायन थोडंसंच टाकायचं (जास्त झालं तर उलट फेस वाढतो) आणि फिल्टर बघायचे. तोवर पाइपलाइनवाला गॅस घेत नाही, आणि काल विकलेला माल आज कमी पडतो. तुटीचा गॅस बाजारातून मिळेल त्या भावाने उचलावा लागतो.

उलटंही होतं. टेक्सासमधल्या वाहा या गॅसच्या व्यवहार-केंद्राच्या आसपास तेलाबरोबर गॅस निघतो आणि पाइपलाइनी अपुऱ्या पडतात. २०१९मध्ये आणि २०२४मध्ये तिथला भाव शून्याखाली गेला. गॅस न्या आणि वर पैसेही घ्या! तेल थांबवायचं नव्हतं, गॅस ठेवायला जागा नव्हती.

रोज सकाळी नॉमिनेशन (पाइपलाइनवाल्याला किती गॅस देणार त्याची आगाऊ नोंद) भरण्याआधी मी स्क्रीन नंतर उघडतो. आधी जुन्या कंट्रोल रूमला फोन लावतो आणि पाळीवर जो असेल त्याला विचारतो, ‘अमाइनचा डीपी काय दाखवतोय?’