अस्वलाचं कातडं भिंतीवर टांगताना

आम्ही अलास्कात राहतो. सासऱ्यांनी काळ्या अस्वलाचं कातडं दिलं, वासलेल्या जबड्यासकट. जमिनीवर अंथरलं तर येता-जाता दातांना पाय लागणार, म्हणून भिंतच बरी. अस्तराला कडेनं कड्या शिवलेल्या होत्याच. पण इथल्या भिंती जिप्समच्या, नुसता खिळा तग धरत नाही. त्यात सगळं वजन डोक्यात, त्यामुळे मानेपाशी शिवण उसवायला लागली.

मग लोहचुंबक फिरवून आतले स्क्रू शोधले आणि त्यांवरून भिंतीतल्या उभ्या लाकडांचा माग काढला. ती बहुधा 16 इंचांवर असतात. त्यांवर प्लायवुडची आडवी पट्टी स्क्रूनं आवळली आणि मानेजवळच्या कड्या तिच्यावर अडकवल्या. जबड्याखाली छोटा ठोकळा ठोकला. केसांत तो दिसतही नाही, पण खरा भार तोच घेतो. पंजांना बारीक खिळे पुरतात, तेही वरच्या बाजूला जरा तिरपे.

खिडकी आणि शेकोटी, दोन्हींपासून लांब टांगा. उन्हानं केस विटतात, कोरड्या उष्णतेनं कान आणि ओठ तडकतात. व्हॅक्यूम केसांच्या दिशेनंच फिरवायचा, आणि कसर लागलीय का ते अस्तराच्या कडेला बघायचं.

हौसेनं पुण्याला न्यायचा विचार मात्र नको! हे अस्वल साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही.