दुकानात नवीन सायकली आल्यात? रंग नंतर, आधी हे बघा

नवीन सायकलींचा लॉट आला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो कुठल्या रंगात आहे, दुसरा किती गिअरची आहे, आणि माझ्या मापाची आहे का हे मात्र बहुतेक जण विचारतच नाहीत. हेल्मेटचं तर विचारूच नका, बिल होताना काउंटरवर जे लटकत असतं ते उचललं जातं. तर सायकल आणि हेल्मेट दोन्ही बघून, बसून, हलवून कसं घ्यायचं ते क्रमाने सांगतो.

आधी एक समजून घ्या, सायकल कंपनीतून दुकानात अख्खी येत नाही, खोक्यात येते. पुढचं चाक काढलेलं, हँडल वळवून फ्रेमला बांधलेलं, पॅडल आणि सीट वेगळ्या पिशवीत. ती जोडतो दुकानातला मेकॅनिक, आणि माल उतरला त्या दिवशी त्याच्यापुढे खोक्यांची थप्पी लागलेली असते. त्यामुळे नावाजलेल्या कंपनीची सायकलसुद्धा ढिली जोडलेली निघू शकते आणि साधीशी सायकल नीट जोडली तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. माझं मत विचाराल तर कंपनीइतकाच जोडणाऱ्याचा हात महत्त्वाचा. म्हणून लॉट आला त्याच दिवशी झुंबड करू नका, दोन-चार दिवसांनी निवांत वेळी जा.

पायरी १: हेल्मेटचे पैसे आधीच बाजूला काढा

हे घरूनच ठरवून निघा, नाहीतर सायकल बजेटच्या वर जाते आणि मग 'हेल्मेट पुढच्या महिन्यात' होतं. तो पुढचा महिना कधी येतो तुम्हाला माहीत आहे.

पायरी २: चालवणार कुठे ते ठरवा

फार विचार नको. रोजचा डांबरी रस्ता असेल तर ३५ ते ४० मिमी टायरची हायब्रिड, म्हणजे रोड सायकल आणि माउंटन बाईकच्या मधली, पुरते, कच्चा रस्ता आणि खडी जास्त असेल तर जाड टायरची माउंटन बाईक. पुढचं सस्पेन्शन दिसायला भारी दिसतं पण स्वस्त सायकलीतलं सस्पेन्शन वजन वाढवतं आणि सपाट रस्त्यावर तुमचा जोर खातं, त्यापेक्षा साधा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बरा. गिअरच्या आकड्यालाही भुलू नका. २१ गिअर म्हणजे पुढे ३ आणि मागे ७, त्यातले बरेचसे चालवताना जवळपास सारखेच लागतात.

टायरच्या कडेला ३५-६२२ असा काहीतरी आकडा कोरलेला असतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७००सी आणि २९ इंची या दोन्ही मापांच्या चाकांचा दुसरा आकडा ६२२च असतो, साडेसत्तावीसचा ५८४, आणि माउंटन बाईकच्या २६ इंचीचा ५५९. पुढे ट्यूब-टायर घ्यायला जाल तेव्हा हाच आकडा सांगा, इंचाच्या भानगडीत पडू नका.

पायरी ३: मापाची आहे का

आडव्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून सरळ उभे राहा. हायब्रिड किंवा रोड सायकल असेल तर दांडी आणि तुमच्या मध्ये २-३ सेंटीमीटर जागा हवी, माउंटन बाईकला ५ किंवा जास्तच. दांडी उतरती असेल तर या टेस्टवरून फार काही कळत नाही, मग सीटवर बसून हँडल धरा. कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे, हात ताठ होत असतील किंवा खांदे कानाकडे चढत असतील तर ती फ्रेम तुमची नाही, कितीही डिस्काउंट असला तरी.

सीटची उंची अशी लावा. एक पॅडल एकदम खाली न्या, त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. आता टाचेच्या जागी चवडा ठेवा, गुडघा आपोआप थोडासा वाकेल, झालं काम. आता खूप लोकांना सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवायचे असतात, पण साध्या सायकलवर तसे टेकत असतील तर सीट खाली आहे आणि महिनाभरात गुडघे बोलायला लागतील. सीट वर घेताना सीटच्या दांड्यावर एक रेघ असते ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये.

लहान मुलांचं मात्र उलट, नवशिक्या पोराचे पाय जमिनीला नीट टेकलेच पाहिजेत. शाळेचा युनिफॉर्म घेतो तशी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका, ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत, पोरगं घाबरतं आणि सायकल गॅलरीत पडून राहते.

पायरी ४: हलवून बघा

लाजू नका. दुकानदार चांगला असेल तर त्याला राग येत नाही, उलट तो पाना घेऊनच येतो.

पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि सायकल जागच्या जागी पुढे-मागे ढकला. दुसऱ्या हाताची बोटं हँडलच्या खाली जिथे फोर्कची नळी फ्रेममध्ये शिरते त्या फटीवर ठेवा. बोटांना बारीक खटखट लागली तर तिथलं बेअरिंग ढिलं आहे, लगेच आवळून घ्या. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत पकडून हँडल फिरवा, चाक न हलता हँडल एकटंच फिरलं तर बोल्ट कच्चे आहेत.

रिमला ब्रेक लागत असेल तर तो ब्रेक फोर्कच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे. मागे, म्हणजे सीटच्या दिशेला दिसत असेल तर फोर्क उलटा बसवलाय. हसू नका, मुलांच्या सायकलीत हे बऱ्याचदा दिसतं.

चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. रिम डावी-उजवीकडे जात असेल तर चाक आउट आहे, दुकानातच सरळ करून घ्या. रबर रिमवर टेकलं पाहिजे, टायरला घासता कामा नये.

चाकाला क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायचा लिव्हर असेल तर तो नटासारखा गोल फिरवून आवळत नाहीत, पलटी करून बंद करतात. अर्ध्यावर आला की जोर लागायला लागला पाहिजे आणि बंद केल्यावर तळहातावर त्याचा वळ उमटला पाहिजे. सहज मिटला तर तो बंद नाहीच असं समजा. पुढचं चाक चालत्या सायकलीतून निसटणं म्हणजे काय हे सांगायला नको.

पॅडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. जोडताना घाईत अदलाबदल करून पाना मारला की क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्यात बसतं त्याचे आटे जातात आणि पॅडल वाकडं बसतं, हाताने फिरवलं की लगेच दिसतं. शेवटी मागचं चाक उचलून सगळे गिअर एकेक करून बदला, आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन गेल्यावर ती पुढे स्पोकमध्ये पडत नाही ना हे दोनदा बघा.

पायरी ५: एक चक्कर मारा

बाहेर काढून थोडं चालवा. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे हे आधी बघा, देशाप्रमाणे हे बदलतं आणि सवयीने चुकीचा ब्रेक जोरात दाबला जातो. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत जात असेल तर ब्रेक ॲडजस्ट करून घ्या. डिस्क ब्रेक नवे असताना नीट पकडत नाहीत, तो फॉल्ट नाही. मोकळ्या जागेत मध्यम स्पीडवरून चाक लॉक न करता हळूहळू जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक मारायचा, असं १५-२० वेळा केलं की पकड येते. डिस्कला तेलकट बोट मात्र लावू नका.

पायरी ६: आता हेल्मेट

टेप भुवयांच्या वर, कपाळावरून डोक्याभोवती गुंडाळून सेंटीमीटरमध्ये माप घ्या आणि आतल्या स्टिकरवरचा आकडा जुळवा. मग पट्टा न लावता घाला, मागची चक्री आवळा आणि मान खाली घालून डोकं हलवा, पडलं नाही पाहिजे. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, इतकीच. बहुतेक लोक हेल्मेट टोपीसारखं मागे सारून घालतात, कपाळ उघडं राहतं, आणि माणूस तोंडावर पडतो तेव्हा तेच आपटतं. पट्ट्यांचा जोड कानाच्या जरा खाली यायला हवा, हनुवटीखाली एखाद-दुसरं बोट जाईल इतकीच जागा, आणि मोठी जांभई दिली की हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. ओढलं जात नसेल तर पट्टा सैल आहे.

आतला फोम दिसायला थर्माकोलसारखाच असतो आणि त्याचं काम स्वतः चेपून धक्का खाणं. एकदा चेपला की संपलं, बाहेरून ओरखडाही नसला तरी. म्हणून सेकंडहँड हेल्मेट घेऊ नका, आणि शोकेसमधलं दहा हातांतून पडलेलं घेण्यापेक्षा खोक्यातलं मागा. स्टिकरवर स्टँडर्ड बघा, युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी, जे १९९९ पासून तिथे सक्तीचं आहे. यातलं काहीच नसेल तर ती नुसती टोपी. महाग हेल्मेट हलकं आणि हवेशीर असतं, पण परीक्षा स्वस्तालाही तीच पास व्हावी लागते, त्यामुळे बजेट कमी असेल तर वाईट वाटून घेऊ नका. मिप्स लिहिलेलं असेल तर आत एक पातळ थर असतो जो तिरका मार बसल्यावर थोडा सरकतो आणि डोक्याला बसणारा पीळ कमी करतो. परवडत असेल तर घ्या, पण मापात नसलेल्या मिप्सपेक्षा मापातलं साधं कधीही बरं. धुवायला साधा साबण-पाणी, थिनर वगैरे लावला तर फोम खराब होतो.

पायरी ७: बिल करताना

सायकल उलटी केली की दोन्ही पॅडलच्या मधल्या बेअरिंगखाली बहुतेकदा फ्रेम नंबर सापडतो, तो बिलावर लिहून घ्या, चोरी झाली तर तोच पुरावा. आणि पहिली सर्व्हिस फ्री आहे का, किती दिवसांत आणायची, हेही तिथेच लिहून घ्या. नव्या केबल पहिल्या काही आठवड्यांत बसतात आणि गिअर मागेपुढे व्हायला लागतात, चाकाचे स्पोकही जरा सैल पडतात. तेव्हा सायकल बिघडली म्हणून भांडायला जायचं नाही, सर्व्हिसला न्यायची.